जळगावचे वकील आणि सुदाम्याचे पोहे



जळगाव हे नाव उच्चारले म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर खानदेशातील जळगाव उभे राहते. तेथील केळी, तेथील रेल्वेचे मोठे स्थानक, तेथील सराफा. आमच्या वऱ्हाडात मात्र आणखी एक जळगाव आहे. त्याच्या मागे जामोद हे दुसरे नाव जोडल्याशिवाय पत्रही धड पोहोचत नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सातपुड्याच्या पायथ्याशी ते वसले आहे. मी राहतो ते वरवट बकाल त्याच्या शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात. उत्तरेस सातपुड्याच्या निळ्या रांगा, दक्षिणेस पूर्णा नदी, आणि मधल्या सपाट काळ्या रानात कपाशी व ज्वारी, असा हा आमचा मुलूख. विहिरींचे पाणी येथे खारट. लोक या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. बाहेरचा पाहुणा पहिला घोट घेताच तोंड वेडावतो आणि आम्ही ते पाहून हसतो. आमच्या विनोदाची धाव सामान्यतः एवढीच.

अशा या भागात महाराष्ट्राच्या विनोदी वाङ्मयाचा उगम शोधावयास कोणी येईल असे कोणास वाटणार नाही. तथापि ज्यांनी मराठीला बारा नाटके दिली, आणि मराठी विनोदी लेखनाचे जनक म्हणून ज्यांचा आदराने उल्लेख होतो, ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर व्यवसायाने वऱ्हाडातले वकील होते. अकोला, खामगाव आणि हे आमचे जळगाव (जामोद) या गावच्या कोर्टांतून त्यांचे आयुष्य गेले. अंगात काळा कोट, बगलेत दाव्याचे कागद आणि डोक्यात किर्लोस्कर मंडळीसाठी लिहावयाच्या नव्या नाटकाच्या चाली, असा हा गृहस्थ. त्यांच्याविषयी आज चार शब्द बोलावे असे मी योजिले आहे.

चरित्र थोडक्यात सांगतो. कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८९१ साली ते बी. ए. झाले आणि १८९७ साली कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन वऱ्हाडात परतले. मधल्या सहा वर्षांत त्यांनी कायद्यापेक्षा नाटकाचाच अभ्यास अधिक केला असावा असे दिसते. कारण १८९३ साली ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात ‘विक्रमशशिकला’ नाटकावर त्यांनी लिहिलेले परीक्षण गाजले, आणि १८९६ साली ‘वीरतनय’ हे त्यांचे पहिले नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. म्हणजे वकिलीची सनद हाती येण्यापूर्वीच त्यांना नाटककाराची सनद मिळाली होती. गणिताचीही त्यांना विलक्षण गोडी; ‘भारतीय ज्योतिर्गणित’ नावाचा ग्रंथ त्यांनी लिहिला. १ जून १९३४ रोजी ते निवर्तले, आणि दुसऱ्या वर्षी त्यांचे ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झाले.

आता मुख्य विषयाकडे वळतो. कोल्हटकरांपूर्वी मराठीत हसणे नव्हते काय? होते, आणि भरपूर होते. तमाशातला सोंगाड्या होता, कीर्तनकाराचे चुटके होते, आणि विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस नाटकाचा पाया घातल्यानंतर पौराणिक खेळाच्या शेवटी ‘फार्स’ करून दाखविण्याचा प्रघातही पडला होता. प्रश्न हसण्याचा नव्हता, हसावयाचे कोणाला हा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुष्कळशी प्रहसने उघडून पाहा. त्यांत हसे होते ते सुधारकाचे. बूट घालणारा, चहा पिणारा, बायकोला शाळेत पाठविणारा, विधवेच्या लग्नाची भाषा बोलणारा जो कोणी असेल त्याची यथेच्छ टिंगल करावी आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून, आपण आहोत तेच बरे आहोत, अशा समाधानात घरी जावे. नारायण बापूजी कानिटकर यांची १८८६ सालची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ ही या प्रकारातील प्रसिद्ध कृती. शिकलेली स्त्री घराचा कसा विध्वंस करते हे दाखविणे हाच तिचा हेतू. म्हणजे विनोद हे शस्त्र जुन्याच्या हातात होते आणि नव्याला त्याच्यापुढे ढाल नव्हती.

याला एक मोठा अपवाद होता. परंतु त्याची वार्ता लोकांपर्यंत पोहोचलीच नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. भोळ्या कुणबी नवराबायकोला जोशी कसा नागवतो याचे चित्र त्यात आहे, आणि विदूषक मध्येमध्ये येऊन त्या जोशाची सालटी काढतो. हे नाटक फुल्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. छापून प्रसिद्ध झाले ते थेट १९७९ साली. मराठीतील पहिला उपरोधी नाटककार कोण, या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे झाल्यास मी फुल्यांचेच नाव घेईन. पण न छापलेल्या, न खेळलेल्या नाटकाची परंपरा पडत नाही. त्यामुळे कोल्हटकरांना जे करावयाचे होते ते त्यांना जणू पहिल्यापासून करावे लागले. जुन्याच्या हातातील हे शस्त्र काढून घेऊन त्याचे पाते जुन्याकडेच वळविणे, हे त्यांचे कार्य होय.

आणि त्यासाठी प्रथम त्यांनी रंगभूमी निवडली. ‘वीरतनय’, ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’, ‘प्रेमशोधन’, ‘वधूपरीक्षा’, ‘सहचारिणी’, ‘जन्मरहस्य’, ‘परिवर्तन’, ‘शिवपावित्र्य’, ‘श्रमसाफल्य’, ‘मायाविवाह’. ही बारा नावे एका श्वासात उच्चारली तरी त्यांच्या लेखणीचा आवाका ध्यानात येतो. यांतील कित्येकांच्या पोटात एकेक सामाजिक प्रश्न दडलेला आहे. १९०१ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मूकनायका’त मद्यपानाचा, ‘गुप्तमंजूषा’त स्त्रीशिक्षणाचा, ‘मतिविकारा’त विधवेच्या विवाहाचा. दडलेला असा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण नाटक पाहावयास बसलेल्या माणसास प्रथम दिसतो तो राजा, राजकन्या, वेषांतर, हरवलेली मुले, ओळख पटविणाऱ्या खुणा, आणि मुका नसून मुक्याचे सोंग घेतलेला नायक. या सर्व गुंतागुंतीतून वाट काढीत सामाजिक प्रश्नापर्यंत पोहोचेतो तो बिचारा दमून जातो.

संगीताच्या बाबतीत त्यांनी केलेली क्रांती अधिक टिकली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा साकी, दिंडी, कीर्तनी ढंगाची पदे, लावणीच्या चाली, कर्नाटकी वळणे यांवर त्यांचे संगीत उभे होते. ते कानाला घरचे वाटे. कोल्हटकरांनी पारशी-उर्दू नाटक मंडळ्यांच्या उडत्या, ठसकेदार चाली उचलल्या आणि त्यांवर मराठी शब्द बसविले. जुन्या रसिकांनी नाके मुरडली, तरुण प्रेक्षक त्या चाली गुणगुणत घरी गेले. या दोहोंपैकी कोण बरोबर होते याचा निवाडा करण्याइतके माझे संगीताचे ज्ञान नाही. परंतु मराठी नाट्यसंगीताचा पुढचा बहर नुसत्या दिंडी-साकीवर आला नसता, एवढे मात्र मला वाटते.

नाटकांच्या भाषेविषयी मात्र स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. कोल्हटकरांना कोटीचे वेड होते. एका शब्दाचे दोन अर्थ दिसले की त्यांची लेखणी थांबत नसे. दोन पात्रे परस्परांशी बोलत नसून परस्परांच्या शब्दांची चिरफाड करीत आहेत असे वाटू लागते. रडावयाच्या प्रसंगीही त्यांचा नायक श्लेष साधून रडतो. हे गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे फरक कळतो. देवलांची ‘शारदा’ १८९९ सालची, म्हणजे ‘वीरतनया’नंतर तीनच वर्षांनी आलेली. म्हाताऱ्याला कोवळी मुलगी देण्याच्या चालीवरचे ते नाटक इतक्या साध्या, घरगुती भाषेत आहे की आजही त्यातील माणसे शेजारच्या वाड्यातली वाटतात. देवलांचा प्रेक्षक हसता हसता गप्प होई. कोल्हटकरांचा प्रेक्षक कोटी सुटली म्हणून स्वतःवर खूश होई, आणि तोवर पुढची कोटी आलेली असे.

याचा मला स्वतःला आलेला अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावी दिवाळीच्या सुटीत आम्ही काही मंडळींनी एकत्र बसून ‘मतिविकारा’चे वाचन करावे असे ठरविले. आपल्याच जिल्ह्यात वकिली केलेल्या थोर नाटककाराची आठवण जागवावी हा हेतू. कॉलेजात जाणारी चार मुले-मुली वाचावयास बसली. पहिला प्रवेश संपण्यापूर्वीच ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. दुसऱ्या प्रवेशात एका मुलीने पुस्तक मांडीवर ठेवून मला सरळ विचारले, “सर, ही माणसं घरीसुद्धा असंच बोलायची का?” मला उत्तर सुचले नाही. वाचन त्या रात्री तेथेच संपले. चहा मात्र सर्वांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी मी निराळा बेत केला. त्याचे फळ सांगण्यापूर्वी एका इंग्रज नाटककाराची गोष्ट सांगितली पाहिजे. ती ऐकल्यावर कोल्हटकरांच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग अधिक स्पष्ट दिसेल.

हेन्री फील्डिंग हे नाव आपल्यापैकी ज्यांनी इंग्रजी कादंबरीचा इतिहास वाचला असेल त्यांना ‘टॉम जोन्स’चा कर्ता म्हणून माहीत असेल. पण तो प्रथम नाटककार होता, आणि तोही उपरोधी. १७३० साली त्याने ‘टॉम थंब’ नावाच्या प्रहसनात अंगठ्याएवढ्या वीराची वीररसपूर्ण शोकांतिका रचून त्या काळच्या डौलदार नाटकांचे हसे केले. पुढे त्याचे धाडस वाढले. लंडनच्या हेमार्केट नाटकगृहात तो मुख्य प्रधान रॉबर्ट वॉलपोल आणि त्याचे लाचखाऊ राज्य यांची उघड टिंगल करू लागला. १७३७ साली पार्लमेंटाने कायदा करून, प्रत्येक नाटक सरकारी अधिकाऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय रंगभूमीवर आणता येणार नाही असे ठरविले. ही तपासणी इंग्लंडात १९६८ सालापर्यंत चालू होती! फील्डिंगचे नाटककार म्हणून आयुष्य त्या एका कायद्याने संपले. त्याच वर्षी त्याने कायद्याच्या अभ्यासास आरंभ केला. १७४० साली तो बॅरिस्टर झाला, आणि पुढे लंडनात न्यायाधीश होऊन चोर-दरोडेखोरांचे खटले चालवू लागला. रंगभूमीने हाकलले तेव्हा त्याने कादंबरी जवळ केली. १७४३ सालच्या ‘जोनाथन वाइल्ड’मध्ये त्याने एका खऱ्या चोरांच्या नायकाचे चरित्र अशा गंभीर, भक्तिपूर्ण थाटात सांगितले की वाचकाला पानापानावर प्रश्न पडावा, हा मोठा चोर आणि तो मोठा प्रधान यांत फरक तो कोणता?

आता कोल्हटकरांकडे पाहा. येथेही नाटक, येथेही कायदा, येथेही कोर्टातली गर्दी, आणि चोर सुद्धा! पण एक मोठा भेद आहे. कोल्हटकरांना रंगभूमीवरून कोणी हाकलले नाही. आपल्याकडेही नाटकांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १८७६ सालापासून होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली ती सर्वांस माहीत आहे. पण सरकारला भीती होती ती राजकारणाची. विधवेचे लग्न व्हावे की न व्हावे, शिमग्यात शिव्या द्याव्या की न द्याव्या, याची साहेबाला काय पर्वा! सामाजिक उपरोध करणाऱ्याला दंड करतो तो शेजारी, नातेवाईक, पंक्तीला बसणारा भाऊबंद. आणि वकिलाच्या बाबतीत तर पक्षकार. पुण्यामुंबईच्या गर्दीत माणूस सुधारक म्हणून ओळखला गेला तरी दुसऱ्या गल्लीत त्याला कोणी ओळखत नाही. जळगाव-खामगावसारख्या गावात सकाळी लिहिलेला लेख संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या आवारात येऊन उभा राहतो, आणि ज्याच्यावर तो लिहिला आहे तोच उद्याची फी देणारा असतो. अशा ठिकाणी उपरोध करावयाचा तर तो कसा करावा?

कोल्हटकरांनी याला जे उत्तर शोधले ते मला त्यांच्या बारा नाटकांहून मोठे वाटते. ते उत्तर म्हणजे सुदामा.

१९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त ‘साक्षीदार’ हा त्यांचा पहिला विनोदी लेख प्रसिद्ध झाला. पुढे अशा अठरा लेखांचे पुस्तक १९१० साली ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने निघाले. ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ असे त्याचे दुसरे नाव. १९२३ साली लेखांची संख्या बत्तीस झाली आणि पुस्तक ‘साहित्यबत्तिशी’ म्हणून परत आले. दरिद्री मित्राने फडक्यात बांधून आणलेले मूठभर पोहे, एवढाच नम्र भाव या नावात आहे असे वाचकाला प्रथम वाटते. पण लेखकाच्या नावात ‘कृष्ण’ असताना त्याने सुदाम्याचा वेष घ्यावा, ही कोटी त्यांना सुचली नसेल असे मला तरी खरे वाटत नाही.

या लेखांत बोलतो तो कोल्हटकर वकील नव्हे. बोलतो तो सुदामा. त्याच्या जोडीला बंडूनाना आणि पांडुतात्या हे दोन मित्र. हे तिघेही सुधारक नाहीत, हे नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. ते जुन्या चालीरीतींचे अत्यंत प्रामाणिक भक्त आहेत. रूढीला ते विरोध करीत नाहीत. ते ती मनापासून, शब्दशः, तर्काच्या शेवटच्या टोकापर्यंत पाळतात, आणि तिचे समर्थन करण्यासाठी असे काही युक्तिवाद शोधून काढतात की ऐकणाऱ्या सनातन्यालाही, आपले वकीलपत्र या माणसाने घेऊ नये, असे वाटावे. श्रावणी असो, गणेशचतुर्थी असो, शिमगा असो, ज्या सणाला सुदाम्याने आपल्या भाबड्या भक्तीचा हात लावला त्याच्यातील सारा पोकळपणा वाजू लागतो. आणि गंमत अशी की यात रागवावे कोणावर? लेखकाने कोणाला नावे ठेवली नाहीत. मूर्ख ठरला तो सुदामा, ‘मी’ म्हणून बोलणारा. ज्याला टोपी बसली त्याने ती निमूटपणे डोक्यावर ठेवावी किंवा खिशात घालावी. तक्रार करावयास जागा नाही.

ही युक्ती वकिलाची आहे असे मला फार वाटते. उलटतपासणीत हुशार वकील साक्षीदाराला खोटे म्हणत नाही. तो त्याला अधिक बोलू देतो. “असे काय? मग पुढे काय झाले?” असे आदराने विचारीत तो त्याला त्याच्याच बोलण्याच्या टोकाला नेऊन उभा करतो. कोल्हटकरांनी रूढीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आणि तिला बोलू दिले. नाटकात हे त्यांना साधले नाही. कारण तेथे त्यांचे शहाणे नायक स्वतःच इतके बोलत की रूढीला बोलण्यास अवकाशच उरत नसे.

‘चोरांचे संमेलन’ या लेखाचा उल्लेख येथे करावा लागेल. त्या काळी महाराष्ट्रात परिषदा, सभा आणि संमेलने यांना ऊत आला होता. प्रत्येक जातीची, धंद्याची, मताची परिषद भरे. अध्यक्षांची सूचना, अनुमोदन, लांबलचक भाषण, ठराव, आभार आणि फराळ असा क्रम ठरलेला. कोल्हटकरांनी हाच सारा थाट जसाच्या तसा उचलून चोरांच्या हवाली केला. चोर हा एक प्रतिष्ठित धंदेवाईक वर्ग, त्याच्या अडचणी आहेत, त्याची परंपरा आहे, त्याच्या उन्नतीचे प्रश्न आहेत, असे गृहीत धरून सर्व काही गंभीरपणे चालते. फील्डिंगने चोराला प्रधानाच्या पंक्तीस बसविले, कोल्हटकरांनी त्याला अध्यक्षाच्या खुर्चीत बसविले. दोघांनीही कोर्टात चोर जवळून पाहिले होते, हा योगायोग मला मोठा मनोरंजक वाटतो. आणि दैवाने या लेखाचा सूडही उगविला. १९२७ साली पुण्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कोल्हटकरांकडेच आले. हारतुरे, ठराव, अनुमोदन, सारे यथासांग झाले असेल. त्या खुर्चीत बसताना त्यांना आपले चोर आठवले असतील काय, हे जाणून घेण्याची मला फार इच्छा आहे.

तर आमच्या गावच्या वाचनाकडे परत येतो. दुसऱ्या रात्री मी ‘मतिविकार’ बाजूस ठेवून ‘साक्षीदार’ काढले. खोटी साक्ष देणे या आपल्याकडील जुन्या आणि भरभराटीच्या धंद्यावरचा हा लेख. आदल्या रात्री कंटाळून गेलेली मुले होतीच, शिवाय त्या दिवशी कापूस वेचून आलेले काही शेतकरीही ओट्याच्या कडेला टेकले होते. वाचताना मधूनमधून मी कठीण शब्द सोपे करीत होतो. तिसऱ्या पानापासून ते करण्याची गरज उरली नाही. कडेला बसलेला एक म्हातारा, ज्याचा बांधाचा दावा त्याच्या बापापासून चालत आलेला आहे, तो आधी गालातल्या गालात आणि मग मोकळ्याने हसू लागला. वाचन संपल्यावर तो म्हणाला, “मास्तर, ज्यानं हे लिवलं त्यानं कोर्टाची पायरी लय झिजवली असन.”

मी म्हटले, “वकीलच होते ते. आपल्या जळगावातही वकिली केली त्यांनी.”

“मंग बराबर हाये,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “पण त्याइचे पक्षकार कसे काय टिकले?”

या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. मघाशी शेजाऱ्याच्या दंडाविषयी जे बोललो, ते त्या म्हाताऱ्याच्या या एका वाक्यातून मला सुचले. त्याने ते मला पुस्तकाशिवाय शिकविले.

पण याच म्हाताऱ्याकडे पाहताना कोल्हटकरांची मर्यादाही मला दिसली, आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुदाम्याचे जग पांढरपेशांचे आहे. त्यात सोवळे आहे, श्रावणी आहे, पंक्तिभोजने आहेत, मुलींची लग्ने जमविण्याच्या खटपटी आहेत. ज्या वऱ्हाडात हे लेखक राहिले त्या वऱ्हाडातला कपाशीचा शेतकरी, सावकाराच्या वहीत अंगठा उठविणारा कुणबी, सातपुड्यातला आदिवासी, हे त्यात जवळजवळ नाहीतच. कोर्टात रोज दिसणारी ही माणसे त्यांच्या लेखणीत का उतरली नाहीत? ज्याचे हसे करावयाचे तो आपल्याच वर्गातला असावा, दुबळ्याला हसू नये, असा त्यांचा संयम असेल. मी त्यांच्या बाजूने असा युक्तिवाद करू शकतो. पण माझेच समाधान होत नाही. फुल्यांच्या नाटकातील जोशी कुणब्याच्या दारात उभा आहे. कोल्हटकरांचा बंडूनाना त्या दारापर्यंत जात नाही. १८५५ सालचे ते हस्तलिखित वेळीच छापले गेले असते, आणि कोल्हटकरांसारख्या तीव्र बुद्धीच्या परीक्षकाच्या हाती पडले असते, तर मराठी उपरोधाची वाट कोठून कोठे गेली असती, असे अधूनमधून मनात येते.

त्यांचे शिष्य मात्र थोर निघाले. राम गणेश गडकरी त्यांना उघडपणे गुरू मानीत. ‘बाळकराम’ या नावाने गडकऱ्यांनी लिहिलेले विनोदी लेख म्हणजे सुदाम्याच्याच घराण्याची पुढची पिढी; फक्त या पिढीचा आवाज मोठा, हातवारे अधिक आणि अतिशयोक्तीला धरबंध नाही. वि. स. खांडेकरांनीही कोल्हटकरांना गुरुस्थानी मानले. नाटकात गडकऱ्यांनी गुरूच्या कोट्या घेतल्याच, पण त्यांत आपले रक्त ओतले. मद्यपानाचाच विषय घ्या. गुरूच्या ‘मूकनायका’त तो राजकन्येच्या प्रणयकथेआड बसला आहे, शिष्याच्या ‘एकच प्याल्या’त तो घरात शिरून घराची राख करतो. ते नाटक रंगभूमीवर आले फेब्रुवारी १९१९ मध्ये. गडकरी ते पाहू शकले नाहीत. आदल्याच महिन्यात, २३ जानेवारीस, नागपूरजवळच्या सावनेर येथे त्यांचा अंत झाला. वय अवघे तेहतीस. कोल्हटकर त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांचे होते. शिष्याच्या मागे गुरूला आणखी पंधरा वर्षे जगावे लागले, आणि त्या काळात आपली नाटके मागे पडून शिष्याची पुढे जात असलेली त्यांना पाहावी लागली. स्वतः आरंभी नाट्यपरीक्षक असलेल्या माणसाला यातला न्याय कळला नसेल असे नाही.

आज कोल्हटकरांची नाटके रंगभूमीवर येत नाहीत. शाळांतून म्हटले जाणारे त्यांचे महाराष्ट्रगीत पुष्कळांस पाठ आहे. पण ते कोणाचे असे विचारले तर दहांतील आठ मुले गप्प बसतात. माझ्याजवळची ‘सुदाम्याच्या पोह्यां’ची प्रत जुनी आहे, तिची पाने पिवळी पडली असून कडा मोडू लागल्या आहेत. त्या दिवाळीनंतर तो दावेवाला म्हातारा एकदा माझ्या घरी आला आणि ते पुस्तक मागू लागला. मी म्हटले, “बाबा, तुम्हाला वाचता येत नाही ना?” तो म्हणाला, नातू वाचून दाखवील. तारखेच्या दिवशी कोर्टात दिवसभर नुसते बसून राहावे लागते, तेवढाच वेळ जातो. मी पुस्तक दिले. पुढच्या तारखेला ते त्याने जळगावला नेले, आणि अजून परत आणलेले नाही. त्याचा दावा चालूच आहे.